मागची सीट नातवाची नव्हे

अमेरिकेत नातवंडाला घेऊन जंगलवाटांवर ‘एटीव्ही’ फिरवायची आणि रात्री तंबूत मुक्काम करायचा, हा अनेक आजोबांचा आवडता बेत असतो. फुगीर, कमी दाबाच्या टायरांची ही वाहने चिखलातही धावतात. होंडाने १९७० मध्ये आणलेली एटीव्ही तीन चाकी होती. ती सहज उलटे. १९८८ मध्ये तिची अमेरिकेतील विक्री थांबली. पण चारचाकीही उलटते. असे का?

गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा चाकांमधल्या क्षेत्राबाहेर गेली, की वस्तू उलटते. समजा, डाव्या-उजव्या चाकांत ८० सें.मी. अंतर आहे आणि चालकासह गुरुत्वमध्य ५० सें.मी. उंचीवर आहे. ४० भागिले ५० म्हणजे ०.८. हा ज्याचा टॅन्जंट, तो कोन सुमारे ३९ अंश. उतारावर आडवे जाताना चालक चढाच्या बाजूला कलला आणि गुरुत्वमध्य ५ सें.मी. सरकला, तर हीच मर्यादा ४२ अंश होते. लांब सीट असते ती चालकाला असे सरकता यावे म्हणून.

आता मागे नातू बसवा. गुरुत्वमध्य ५३ सें.मी.वर जातो, आजोबांना कलता येत नाही आणि मर्यादा ३७ अंशांवर येते. चढावर मागचा भार वाढून पुढची चाके उचलली जातात, ते वेगळेच. म्हणूनच बहुतेक एटीव्ही एकट्यासाठी असतात. सोळा वर्षांखालील मुलांनी त्यांवर बसूच नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

वर्गात आगपेटी खडबडीत फळीवर ठेवून फळी तिरपी करा. मग पेटीवर खोडरबर चिकटवून पुन्हा करा. दोन्ही कोन मुलांना मोजू द्या.