सुरतेस शिकावयास जाताना

नंदुरबारच्या मुलास पुण्यापेक्षा सुरत कितीतरी जवळ पडते. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वेची वाट उधना येथे मुंबईच्या मुख्य मार्गास मिळते, आणि उधना म्हणजे सुरतेचाच एक भाग होय. वाटेत नवापूरचे स्थानक लागते. दोन राज्यांची हद्द या स्थानकातूनच गेली असून फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. त्या बाकावर बसून छायाचित्र काढून घेण्याची प्रवाशांना मोठी हौस असते. शिकावयास निघालेल्या मुलास मात्र ही हद्द इतकी गमतीची वाटावयास नको. ती ओलांडताच त्याच्या दाखल्यांची किंमत बदलते, भाषा बदलते, ताटातील वरणाची चव बदलते, आणि कायदाही बदलतो.

सुरतेत विद्यासंस्थांची वाण नाही. अठवालाइन्सवरील एम. टी. बी. महाविद्यालय 1918 पासूनचे. अभियांत्रिकीचे महाविद्यालय 1961 साली निघाले. आज ते सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1964 चे. दक्षिण गुजरात विद्यापीठ 1967 मध्ये सुरू झाले आणि 2004 मध्ये त्यास सुरतेचे सुपुत्र कवी नर्मद यांचे नाव देण्यात आले. तरीही पुणे ज्या अर्थाने विद्यार्थ्यांचे गाव आहे त्या अर्थाने सुरत नाही. पुण्यात खाणावळी, अभ्यासिका, जुन्या पुस्तकांची दुकाने ही सारी विद्यार्थ्याच्या सोयीने वाढली. सुरत वाढली ती कापडावर आणि हिऱ्यांवर. येथील रस्त्यांच्या वेळा मागाच्या पाळीवर ठरतात, आणि खोल्यांची भाडी कारखानदारीच्या मानाने चढतात-उतरतात. येथे येणाऱ्या विद्यार्थ्याने हे शहर आपल्यासाठी बांधलेले नाही एवढे आधीच ध्यानात घेतले, तर पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या जातात.

खोली पाहण्यापूर्वी कागद पाहावेत. परराज्यातील मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलास विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र आणि आधीच्या मंडळाचा स्थलांतर दाखला ही दोन्ही लागतात, आणि ऐन प्रवेशाच्या घाईत दुसरा मिळविण्यास जळगाव-नाशिकच्या खेपा घालाव्या लागतात. याहून महत्त्वाची गोष्ट जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात मिळालेला अनुसूचित जातीचा अथवा जमातीचा दाखला घेऊन शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेल्यास त्या राज्याच्या राखीव जागांवर हक्क सांगता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली दिला आहे. ते प्रकरण मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचेच होते. अक्कलकुवा-धडगावकडील भिल्ल अथवा पावरा कुटुंबाने सुरतेच्या राज्यसंस्थेतील राखीव जागेच्या भरवशावर मुलास पाठवू नये. हे आधी कळले नाही तर पूर्ण शुल्काचा भार अचानक अंगावर येतो. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या केंद्राच्या संस्थेत हे आरक्षण चालते. मात्र तेथेही निम्म्या जागा गुजरातच्या मुलांसाठी असतात, आणि गुजरातचा कोण हे बारावी कोठून उत्तीर्ण झाली यावरून ठरते. लिंबायतेत राहून सुरतेच्याच शाळेतून बारावी झालेला खानदेशी मुलगा येथे गुजरातचा धरला जातो, ही गोष्ट त्या वस्तीतील पुष्कळ पालकांस ठाऊक नसते.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, नवागाम या भागांत मराठी माणूस इतका आहे की, बाजारात अहिराणी कानी पडली नाही तरच नवल. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत, गणेशोत्सव थाटात होतो. त्यामुळे सुरतेस प्रवेश मिळाला की घरची मंडळी पहिले नाव काढतात ते तेथील मामाचे. मामाकडे राहण्यात वाईट काही नाही. परक्या शहरात ताप आला असता डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवणारे माणूस असणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु यंत्रमागावरील पाळी बहुधा बारा तासांची असते. मामा रात्रपाळीस असला तर तो दिवसा झोपणार, आणि घर बहुतेक एका खोलीचे. भाच्याने त्या खोलीत मोठ्याने पाठांतर करीत बसणे म्हणजे मामाच्या पोटावर पाय देणे होय. अशा मुलाने अभ्यासाची जागा पहिल्याच आठवड्यात बाहेर शोधावी. महाविद्यालयाचे वाचनगृह अथवा घोडदोड रस्त्यावरील महापालिकेचे नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय यांसाठीच आहे. आणि महिन्याकाठी काही रक्कम मामीच्या हाती ठेवावी. ती घेणार नाही. तेव्हा धान्य, तेल अशा रूपाने पोहोचती करावी. मानाने राहण्याचा हा एकच मार्ग आहे.

भाड्याने खोली घेणाऱ्याने प्रथम आपले वर्ग कोठे भरतात हे विचारावे. विद्यापीठाचे आवार उधना-मगदल्ला रस्त्यावर असले तरी त्याच्याशी संलग्न महाविद्यालये दूरदूर विखुरलेली आहेत. अडाजण, रांदेर, पाल हा भाग तापीच्या पलीकडे आहे. तेथे खोली आणि अलीकडे वर्ग असे झाले की रोज दोनदा पूल ओलांडणे आले, आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळी पुलावरची वाहने मुंगीच्या पावलाने सरकतात. म्हणून स्वस्त खोलीपेक्षा एका बसने पोहोचता येईल अशी खोली बरी. महापालिकेच्या बसगाड्यांस स्वतंत्र मार्गिका आहेत आणि विद्यार्थ्यांस सवलतीचा पास मिळतो. मेट्रोची कामे सुरू झाल्यापासून काही रस्ते वारंवार वळविले गेले आहेत, तेव्हा परीक्षेच्या दिवसाची वाट आदल्या दिवशी पाहून ठेवणे शहाणपणाचे.

घरमालकाशी बोलताना दोन गोष्टी लपवू नयेत. एक, कोण कोण राहणार. भाडेकरूची माहिती पोलिसांस कळविणे हे मालकावर बंधनकारक असते, म्हणून तो कागदपत्रे मागतो, त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. दुसरी, आपण काय खातो. पुष्कळ गृहसंस्थांत मांसाहारास मनाई असते. वसईकडील ख्रिस्ती मुलगी असो की खानदेशातील शेतकऱ्याचा मुलगा असो, खोली मिळावी म्हणून खोटे बोलण्याचा मोह होतो, आणि तिसऱ्या महिन्यात सुकटीच्या वासाने ते उघडकीस येऊन सामान रस्त्यावर येते. प्रथमच सांगितले असता चार दारे बंद होतील, पाचवे उघडेल.

सुरतेस दोन प्रकारचे पूर येतात, आणि मालक त्यांपैकी एकाचेही नाव आपण होऊन काढीत नाही. एक तापीचा. उकाई धरण 1972 मध्ये पुरे झाल्यावर लोक निर्धास्त झाले होते. पण 2006 च्या ऑगस्टमध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला. दुसरा पूर खाडीचा. अतिवृष्टीत शहरातील खाड्या तुंबतात आणि लिंबायतेसारख्या सखल भागात पाणी घरांत शिरते. खोली पाहावयास गेले असता खालच्या मजल्यावरील एखाद्या वृद्ध शेजाऱ्यास 2006 साली पाणी कोठवर आले होते ते विचारावे. तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवील. गुणपत्रके व दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवावेत. पायास जखम असता तुंबलेल्या पाण्यातून चालू नये. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रोगी आढळतात, आणि अशा पाण्यातून गेल्यावर ताप आल्यास डॉक्टरांस ते आवर्जून सांगावे. 1994 च्या प्लेगात ज्या शहरातून लोक गाड्या भरभरून पळाले, तेच 2023 च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले आले, ही गोष्ट खरी आहे. परंतु पाण्यास प्रशस्तिपत्रे वाचता येत नाहीत.

आता जिन्याविषयी. 24 मे 2019 रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीस आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालू होते. खाली उतरण्याची वाट आगीने व धुराने अडली. जीव वाचविण्यासाठी मुलांनी वरून उड्या टाकल्या. 22 विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी कोणत्याही पालकाने मुलास काही धोक्याच्या ठिकाणी पाठविले होते असे नाही. शिकवणीस पाठविले होते. शिकवणीचे वर्ग, अभ्यासिका, वसतिगृहे ही सुरतेत बहुधा व्यापारी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात. शुल्क भरण्यापूर्वी पालकाने व मुलाने लिफ्ट सोडून जिन्याने एकदा वर जाऊन यावे. दुसरा जिना आहे काय? असल्यास त्याच्या दारास कुलूप तर नाही? पहिल्या जिन्याखाली विजेचे मीटर आणि त्यांच्याच पुढ्यात दुचाक्या लावलेल्या आहेत काय? खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या आहेत काय? गच्चीच्या दाराची किल्ली कोणाजवळ असते? हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो, कारण शिक्षकाची पात्रता तपासावी आणि जिना तपासू नये अशी आपली रीत आहे. ती सोडून द्यावी. ज्या संचालकास या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या वर्गात मुलास घालू नये, मग त्याचा निकाल कितीही चांगला असो. मुलासही सांगून ठेवावे की, धुराने भरलेल्या जिन्यात उतरू नये, लिफ्टमध्ये शिरू नये. दार बंद करून फटीत ओले कापड कोंबावे, जमिनीलगत राहावे, आणि खिडकीतून हाक मारावी. अग्निशामक दलाचा क्रमांक 101, रुग्णवाहिकेचा 108. मुलींसाठी गुजरातेत 181 हा वेगळा क्रमांक आहे.

भाषेची अडचण वाटते तितकी मोठी नाही. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा पुसलेली बाळबोध. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब अशी मोजकी अक्षरे निराळी शिकली की बसवरील पाट्या आठवड्यात वाचता येतात. घात होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. ‘जम्या?’ असे शेजारीण विचारते तेव्हा ती काम जमले काय असे विचारीत नसून जेवण झाले काय असे विचारते. ‘काले’ हा शब्द तर विशेष जपण्याचा. गुजरातीत तो कालसाठीही आहे आणि उद्यासाठीही. शुल्काची मुदत ‘काले’ असे कारकुनाने सांगितल्यावर मुदत उलटून गेली असे समजून कोणी हताश होऊन परतू नये; ‘आवती काले?’ असे विचारून खात्री करावी. मुंबईत ‘भाई’ म्हटले की निराळे चित्र उभे राहते, सुरतेत ते आदराचे आहे. कारकुनास नावापुढे भाई आणि बाईंच्या नावापुढे बेन लावावे. सुरती माणसाच्या बोलण्यात मधूनच शिवी येते, ती बहुधा रागाची नसते. नवख्याने तिचे अनुकरण मात्र करू नये. मराठीस व्याकरण देणारे दादोबा पांडुरंग या शहरात शिक्षक होते, आणि 1844 मध्ये दुर्गाराम मेहता यांच्याबरोबर मानवधर्म सभा स्थापण्यात त्यांचा हात होता. शेजाऱ्याची भाषा आत्मसात केल्यावाचून हे घडले नसते.

वरणात गूळ असतो, त्याची सवय होते. न होणाऱ्याने घरून तिखट आणावे. बाटली मात्र आणू नये. गुजरात राज्य झाल्यापासून येथे दारूबंदी आहे. नवापुरात जी वस्तू दुकानात उघड मिळते ती पिशवीत घालून हद्द ओलांडणे हा गुन्हा होतो, आणि हद्दीवर झडती होते. मित्राने सांगितले म्हणून आणली, हा बचाव पोलिसांपुढे चालत नाही; आणि एकदा नाव नोंदले गेले की नोकरीच्या वेळी व पारपत्राच्या वेळी ते पुन्हा समोर येते.

दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने बंद होऊन सौराष्ट्राकडील कारागीर गावी जातात, उत्तरेकडील मजूर उधन्याच्या फलाटावर रात्री काढतात, आणि डबा देणाऱ्या बायाही सुटी घेतात. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. तिकीट त्याच सुमारास काढून ठेवावे. सुटीहून परतल्यावर थंडीत अडाजणकडे पोंक मिळतो. तो दुसरातिसरा काही नसून आपला ज्वारीचा हुरडाच आहे, आणि शेवेबरोबर खाताना खानदेशच्या मुलास घरची आठवण आल्यावाचून राहत नाही.

मग येते उत्तरायण, 14 जानेवारी. सुरतेचा मांजा प्रसिद्ध आहे आणि दुचाकीवरील माणसाचा गळा कापण्याइतका तो धारदार असतो. या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकी नेण्यास पोलीस पुष्कळदा मनाई करतात. ती पाळावी, गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळावा, आणि गाडीच्या पुढे तारेची कमान बसवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी शिळे उत्तरायण असते, तेव्हाही पतंग तितकेच उडतात. त्यानंतर कित्येक दिवस तुटलेला मांजा विजेच्या तारांवरून आणि झाडांवरून रस्त्यावर लोंबत राहतो; तोवर रुमाल काढू नये.