वेळ साठविणारी पेटी : दूरचित्रवाणीचा अंकीय मुद्रणसंच कसा निवडावा

दूरचित्रवाणीचा कार्यक्रम ही एक विलक्षण वस्तू आहे. ती ठरलेल्या घटकेस दारात येते आणि घरात कोणी नसेल तर निरोपही न ठेवता निघून जाते. पुस्तक कपाटात थांबते, वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहते. कार्यक्रम मात्र कोणासाठी थांबत नाही. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या नगरांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबास याचा अनुभव रोजचा आहे. सायंकाळी सातच्या सुमारास घरी आजी एकटीच मराठी मालिका पाहत बसलेली असते, आणि त्याच वेळी मुलगा व सून राजीव चौकात गाडी बदलून नॉइडाकडे जाणाऱ्या मेट्रोच्या गर्दीत उभी असतात. ती घरी पोहोचतात तेव्हा आजी निजलेली असते व मालिका संपलेली असते. एकत्र बसून काही पाहावे, त्यावर दोन शब्द बोलावे, हे रविवारखेरीज घडत नाही.

या गैरसोयीचा आपल्या देशातील इतिहासही दिल्लीतच सुरू होतो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी युनेस्कोच्या साहाय्याने येथे प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. आरंभी आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही थोडाच वेळ कार्यक्रम होत. ते पाहण्यासाठी सार्वजनिक ठिकाणी ग्राहकयंत्रे ठेवलेली असत व मंडळी नेमक्या वेळी तेथे जमत. रोजचे प्रक्षेपण १९६५ साली सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ पासून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम दिल्लीभोवतालच्या ८० गावांसाठी सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यासही शेतातले काम त्या वेळेच्या बेताने उरकावे लागे. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ दाखविले जाऊ लागल्यावर रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे अनेकांस आठवत असेल. घड्याळ प्रक्षेपकाच्या हाती होते. प्रेक्षकाने फक्त वेळेवर हजर राहावयाचे.

हे घड्याळ प्रेक्षकाच्या हाती देण्याचा पहिला खरा प्रयत्न चुंबकीय फितीने केला. १९७५-७६ च्या सुमारास जपानमध्ये घरगुती वापराचे फितीचे संच निघाले. त्यांच्यावर अमेरिकेत मोठा खटला झाला आणि १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने निकाल दिला, की सोयीच्या वेळी पाहता यावे म्हणून घरी केलेले मुद्रण हा अपराध नव्हे. आपल्याकडे १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमाच्या ३९ व्या कलमात, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण केल्यास प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही, असे म्हटले आहे. वाचकांनी हे कलम लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. फितीची जागा १९९९ साली अमेरिकेत चकतीने घेतली, व आपल्याकडे २००८ साली तेव्हाच्या टाटा स्काय कंपनीने मुद्रणाची सोय असलेला संच बाजारात आणला. या कंपनीचे नाव २०२२ पासून टाटा प्ले असे आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच दमात सांगतो : रेकॉर्डिंग, कॅच-अप आणि ऑन-डिमांड. या तिन्हींची गल्लत झाली की खरेदी फसते. (या शब्दांस मराठी प्रतिशब्द देण्याची खटपट प्रस्तुत लेखिकेने पुष्कळ केली. ‘रेकॉर्डर’ला ‘मुद्रक’ म्हणावे, तर छापखान्याचा मालक डोळ्यांपुढे उभा राहतो. शेवटी ‘मुद्रणसंच’ या शब्दावर तडजोड केली. इतर दोन शब्द जसेच्या तसे ठेविले आहेत.) स्वयंपाकघरातील दाखला घेतला तर भेद चटकन ध्यानात येईल. मुद्रण म्हणजे वर्षाची बेगमी : धान्य आपल्या घरात, आपल्या डब्यात. कॅच-अप म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट : ते दुसऱ्याने वाढलेले असते आणि काही काळाने उचलले जाते. ऑन-डिमांड म्हणजे खाणावळ : फळ्यावर लिहिलेले पदार्थ हवे तेव्हा मागवावेत, पण फळ्यावर उद्या काय लिहावयाचे ते मालक ठरविणार.

यांपैकी बेगमीचा प्रकार शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत मनोरंजक आहे. दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट. साध्या चित्रात ७२० ठिपक्यांच्या ५७६ ओळी असतात, व अशी २५ चित्रे दर सेकंदास डोळ्यांपुढून जातात. अंकीय पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा उजेड व रंग आकड्यांनी, म्हणजे शून्य आणि एक या दोनच चिन्हांनी, लिहिला जातो. एका ठिपक्यास अशी १६ चिन्हे लागतात असे धरले, तर दर सेकंदास सुमारे साडेसोळा कोटी चिन्हे होतात. एवढा पूर ना उपग्रहास झेपेल, ना चकतीस. पण लागोपाठच्या दोन चित्रांत बदल फार थोडा असतो. निवेदिका बोलत असताना तिच्या मागची भिंत हलत नाही. मग तीच भिंत सेकंदातून पंचवीस वेळा कशास पाठवावी? बदल तेवढा पाठवावा, बाकीचे ‘पूर्ववत्’ असे कळवावे. या युक्तीस संपीडन म्हणतात. तिच्या बळावर साध्या चित्राचे काम दर सेकंदास दोन-अडीच दशलक्ष चिन्हांत, आणि उच्च दर्जाच्या म्हणजे एचडी चित्राचे काम सुमारे आठ दशलक्ष चिन्हांत भागते.

यावरून चकतीचा हिशेब आपणांस घरबसल्या करता येतो. दर सेकंदास आठ दशलक्ष या वेगाने तासाभराच्या एचडी कार्यक्रमास सुमारे ३.६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या चकतीवर असे सुमारे १३९ तास मावतील. साध्या चित्राचे, अडीच दशलक्षांच्या वेगाने, ४४४ तास होतील. विक्रेता सांगतो तो तासांचा मोठा आकडा बहुधा साध्या चित्राचा असतो. तेव्हा ‘कोणत्या चित्राचे तास?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

दुसरा प्रश्न आत ट्यूनर किती आहेत, हा. उपग्रहाकडून एकाच वेळी शेकडो वाहिन्या येत असतात. त्यांतील हवी ती वेचून काढणारा भाग म्हणजे ट्यूनर. तो एकच असेल तर आजीची मालिका मुद्रित होत असताना नातवास क्रिकेटचा सामना पाहता येईलच असे नाही, आणि घरात नवेच भांडण सुरू होईल. दोन ट्यूनर असलेला संच एक वाहिनी साठवीत असता दुसरी दाखवितो. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून फोन घेऊन यावा व पुढे पाहावा, ही जी सोय अशा संचांत असते, तिचे रहस्यही सोपे आहे : संच चालू वाहिनी सतत चकतीवर उतरवीत असतो आणि आपण काही क्षणांपूर्वीचे उतरलेले वाचीत असतो.

दिल्लीच्या हवेचाही येथे विचार केला पाहिजे. दूरदर्शनची विनाशुल्क ‘फ्री डिश’ सेवा ज्या उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीच्या गच्चीवरून तो दक्षिणेपासून सुमारे ३१ अंश पूर्वेकडे, क्षितिजापासून ५२ अंश उंचीवर येतो. त्या दिशेस शेजारची उंच इमारत असेल तर कोणताही संच घेऊन उपयोग नाही. नव्या वसाहतींत उत्तरेकडील बाजूच्या सज्जास ही अडचण हमखास येते. शिवाय या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर असल्यामुळे मुसळधार पाऊस त्यांना शोषून घेतो. श्रावणातल्या सरीत चित्र गोठते, आणि मुद्रणसंच ते गोठलेले चित्रच इमानाने साठवितो. उन्हाळ्यात प्रश्न उष्णतेचा. चकती सतत फिरत असते. मे महिन्यात संच बंद कपाटात कोंडला तर तिचे आयुष्य घटते. वीज गेली तर ठरविलेले मुद्रण चुकते, म्हणून संच इन्व्हर्टरच्या जोडणीवर ठेवावा. १५ वॅटचा संच अहोरात्र चालला तर महिन्यास जवळजवळ ११ युनिटे वीज खातो, हेही हिशेबात धरावे.

ज्यांच्याकडे केबल आहे त्यांस पावसाची भीती कमी. दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत व फरीदाबाद-गाझियाबादेत ३१ मार्च २०१३ पर्यंत केबल अंकीय करण्याची मुदत होती, त्यामुळे पेटी आता प्रत्येक केबलधारकाच्या घरी आहेच. पण ती पेटी बहुतेक ठिकाणी केवळ दाखविते, साठवीत नाही. २०१९ पासून ग्राहकास वाहिन्या सुट्या निवडता येतात. दिल्लीच्या ठराविक संचात मराठी वाहिनी नसेल तर ती नाव घेऊन मागून घ्यावी. न मिळणारी वाहिनी साठविणारा संच अजून निघालेला नाही!

कॅच-अप आणि ऑन-डिमांड यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. दोन्हींचा माल तारेतून, म्हणजे ब्रॉडबँडवरून येतो. दर सेकंदास पाच दशलक्ष चिन्हांच्या वेगाने तासभर पाहिल्यास सव्वादोन गिगाबाइट खर्च होतो. महिन्याची मर्यादा असलेल्या जोडणीवर तो लवकर जाणवतो. कॅच-अपचे ताट काही ठिकाणी सात दिवस झाकून ठेवतात, काही ठिकाणी त्याहून कमी, आणि प्रत्येक वाहिनीचे ताट ठेवलेले असतेच असे नाही. क्रीडासामने व चित्रपट यांतून पुष्कळदा वगळलेले असतात, कारण त्यांचे हक्क निराळे विकले जातात. तेव्हा आपण पाहतो त्या दोन-चार मराठी वाहिन्यांची नावे घेऊनच चौकशी करावी. रोजची मालिका उशिरा पाहणे एवढीच गरज असेल, तर कॅच-अपने ती स्वस्तात भागते. मुद्रणसंचावर पैसे घालण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मुद्रणसंच हवा कोणास? याचे उत्तर प्रस्तुत लेखिकेस घरच्या एका प्रसंगाने मिळाले. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने सह्याद्री वाहिनीच्या एका कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. आम्ही दिल्लीत तो कार्यक्रम आमच्या मुद्रणसंचावर उतरवून ठेवला. मावशी पुढच्या वर्षी वारल्या. त्यानंतर वर्षातून एक-दोनदा, दुपारी घरात कोणी नसताना, सासूबाई तो लावून बसत. एका मे महिन्यात संच बंद पडला. कंपनीचा माणूस आला, त्याने नियमाप्रमाणे दुसरा संच जोडून दिला व जुना नेला. त्यात काय होते हे त्याने विचारले नाही आणि आम्हांसही वेळेवर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी धावाधाव केली तेव्हा कळले, की चकती शाबूत मिळाली असती तरी उपयोग नव्हता. शुल्क घेणाऱ्या वाहिन्यांचा संदेश कूटबद्ध येतो. संच तो चकतीवरही कूटबद्धच ठेवतो, आणि त्याची किल्ली त्या एकाच संचात असते. संच गेला की किल्ली गेली. पुष्कळ सेवांत वर्गणी थांबली तरीही जुनी मुद्रणे उघडत नाहीत. म्हणजे ज्याला आपण घरचे कोठार समजत होतो, त्याचे कुलूप दुसऱ्याचे होते. सासूबाईंनी एवढेच विचारले, की आत गेलेला आवाज बाहेर का येऊ नये. त्यांना हे कूटबद्धतेचे प्रकरण समजावून सांगताना मला माझ्याच भाषांतराची लाज वाटली.

म्हणून संच घेतेवेळी विक्रेत्यास तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा विचारावा : या पेटीतले मुद्रण दुसऱ्या यंत्रावर चालेल काय? शुल्काच्या सेवांत उत्तर बहुधा नकारार्थी येईल. परंतु फ्री डिशवरील सह्याद्रीसारख्या मोकळ्या वाहिनीचा संदेश कूटबद्ध नसतो. मोकळ्या वाहिन्या घेणारे काही साधे संच असे मिळतात, की त्यांस पेन ड्राइव्ह जोडला असता कार्यक्रम त्यावर उतरतो आणि ती प्रत बहुधा संगणकावरही चालते. अशा संचास मासिक वर्गणी नाही व त्याचे रूपही फारसे देखणे नसते. घरगुती उपयोगासाठी अशी प्रत ठेवण्यास वर सांगितलेले ३९ वे कलम पुरेसे आहे. ती इतरांस विकणे वा सार्वजनिक रीतीने दाखविणे ही गोष्ट अर्थात निराळी. खरेदीपूर्वी दुकानातच पाच मिनिटांचे मुद्रण करून तो पेन ड्राइव्ह घरी संगणकावर लावून पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

आमच्या घरी आता दोन पेट्या आहेत. एकीवर सुनेच्या सोयीने मालिका कॅच-अपमधून चालतात. दुसरी लहानशी पेटी फ्री डिशची. तिच्या मागे पेन ड्राइव्ह टोचलेला असतो. तो ओव्यांचा कार्यक्रम सह्याद्रीवर पुन्हा लागेल या आशेने सासूबाई रोज सकाळी कार्यक्रमपत्रिका वाचावयास लावतात, आणि रात्री निजण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर जागा किती उरली आहे ते मला विचारतात.