लष्करी बिल्ल्यावरची कवटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्करी गणवेशावरची कवटी ही नाझींचीच निर्मिती, असा समज सर्वत्र रूढ असला, तरी हिटलरच्या जन्माच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, १७४१ मध्ये, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने उभारलेल्या पाचव्या हुसार पलटणीच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, काळ्या टोप्यांवर ती आलेली होती.

शत्रूला धाक घालणे एवढाच तिचा हेतू होता, हे म्हणणेही अपुरे आहे. क्वेबेकच्या लढाईत १७५९ मध्ये जनरल जेम्स वुल्फ धारातीर्थी पडल्यावर त्याच्या हाताखाली लढलेल्या कर्नल जॉन हेलने त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नवे घोडदळ उभारले आणि वुल्फच्या स्मरणार्थ कवटी हे त्याचे चिन्ह ठरवले. या बिल्ल्यावर कवटी, तिच्याखाली हाडांची फुली आणि फितीवर फक्त ‘ऑर ग्लोरी’ ही अक्षरे असतात. ‘मृत्यू’ हा शब्द कवटीनेच बोलायचा, म्हणजे ‘मृत्यू किंवा कीर्ती’ हे ब्रीद पुरे होते. पुढे सतरावे लान्सर्स, म्हणजे भालाईत स्वार, म्हणून ओळखली गेलेली हीच पलटण १८५८ मध्ये तात्या टोपे यांच्या पाठलागावर होती, त्यामुळे या चिन्हाचा संबंध आपल्या इतिहासाशीही पोहोचतो. तिची वारसदार असलेली रॉयल लान्सर्स ही पलटण ते आजही धारण करते.

काळा गणवेश आणि कवटी दिसली की तो सैनिक ‘एसएस’ या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचाच, हा निष्कर्षही फसवा आहे, कारण जर्मन भूदलाच्या रणगाडा दलाने घोडदळाचा वारसा म्हणून प्रशियन धाटणीची, खालचा जबडा नसलेली कवटी गळपट्टीवर घेतली होती, तर एसएसने १९३४ पासून जबड्यासह असलेली नवी कवटी टोपीवर लावली.

मात्र चिन्ह जुने म्हणून एसएसची कवटी ही निव्वळ लष्करी परंपरा होती, असा बचाव केला जातो, तो सर्वांत घातक गैरसमज होय. छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या तुकड्यांना १९३६ मध्ये ‘टोटेनकोप्फ’, म्हणजे मृत्युमुंड, हेच नाव देण्यात आले, आणि त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या त्याच नावाच्या डिव्हिजनच्या सैनिकांनी २७ मे १९४० रोजी फ्रान्समधील ल पारादी या गावी शरण आलेल्या ९७ ब्रिटिश सैनिकांना गोळ्या घालून ठार मारले.