घराच्या उंबऱ्यापर्यंत

पुनर्वसन हा शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांपुढे येते ते धरण. कोयना आठवते, नाहीतर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेड. आहे त्याच घरात, आहे त्याच खाटेवर असलेल्या माणसालाही पुनर्वसन लागते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. शेजारच्या शिंपीकाकांना अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत माझ्याही आले नव्हते.

काका वाचले. उजव्या पायात बळ आले, काठी टेकत चार पावले टाकू लागले, तेव्हा त्यांना घरी सोडले. कागदावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असा शेरा होता. घर चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. संडास गॅलरीच्या टोकाला, आणि तिथे उकिडवे बसावे लागते. इस्पितळात हे कुणी विचारलेच नव्हते. उजव्या हातात कात्री धरता येते का, हेही नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, फिजिओथेरपिस्टने पाय पाहिला, समाजसेविकेने बिलात सवलत मिळवून दिली. ज्याने त्याने आपापले काम चोख केले होते. काका मात्र चार महिने कॉटवर बसून, पायमशीन चालवणाऱ्या काकूंकडे पाहत राहिले.

गंमत अशी, की या विद्येची मुळे याच शहरात आहेत. माणसाला त्याच्या रोजच्या कामाकडे परत नेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. फलटणचे बालभवन आज त्यांचेच नाव चालवते. केईएममध्येच १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय संस्था उभी राहिली. टाटा समाजविज्ञान संस्थेत वैद्यकीय समाजकार्य शिकवले जाऊ लागले, ते त्याच्याही आधी.

आज या सगळ्या वाटांना पदव्युत्तर शिक्षण आहे. डॉक्टरला एम. डी., थेरपिस्टला मास्टर्स, समाजसेवकाला एम. एस. डब्ल्यू. पण प्रत्येकाची खोली वेगळी, परीक्षा वेगळी. रुग्ण तेवढा एकच! जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट स्वीकारली. कोणता स्नायू दुबळा आहे एवढ्यावर न थांबता, हा माणूस काय करू शकतो, चारचौघांत कसा वावरतो, जिना आणि घरची माणसे त्याला साथ देतात की आडवी येतात, हेही विचारा, असे ती सांगते. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत परिचारिका, थेरपिस्ट आणि समाजसेवक पुनर्वसनाच्या पदव्युत्तर वर्गात शेजारी शेजारी बसतात. आपल्याकडे असा बाक क्वचितच दिसतो.

हे शिक्षण नोकरीतल्या माणसाने घेण्यात मला विशेष अर्थ वाटतो. नवशिक्याजवळ पुस्तक असते. सहा-सात वर्षे वॉर्डात काढलेल्याजवळ न जमलेले रुग्ण असतात. अर्थात फी भरायची, घर सांभाळायचे आणि पदवीनंतर पगार तोच, हा हिशेब कुणाला परवडतो, हेही विचारायला हवे.

काकांकडे शेवटी आल्या त्या अशाच एक थेरपिस्टबाई, नोकरी करता करता पुढे शिकणाऱ्या. रुग्णाचे घर पाहिल्याशिवाय त्याच्या उपचाराचे उद्दिष्ट लिहायचे नाही, अशी त्यांच्या शिक्षकांची ताकीद होती. बाईंनी आल्या आल्या काकांच्या पायाला हात लावला नाही. आधी संडासापर्यंत चालत जाऊन आल्या, मग विचारले, “काका, तुम्हाला काय करायचंय?”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मशीनवर बसायचंय.”

संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची आली. मशीनला मोटर बसली, तिचे पेडल डाव्या पायाखाली सरकले. डावऱ्यांची कात्री शोधायला मात्र बाईंना आणि मला अर्धी बाजारपेठ पालथी घालावी लागली. गेल्या महिन्यात काकांनी आमच्या उशांचे दोन अभ्रे शिवून दिले. एकाची शिवण तिरकी आहे. पैसे त्यांनी पूर्ण घेतले.