दारूबंदीच्या सभेला नेलेल्या रेल्वेतून उभा राहिला सहलींचा धंदा! कोण होते थॉमस कुक?

शनिवार-रविवार आला की कर्जत-खालापूरची फार्महाऊसं भरतात. सहलींचा हा धंदा जगभर नेणारे थॉमस कुक मूळचे धर्मप्रचारक होते, हे माहीत आहे का?

इंग्लंडच्या कुक यांनी दहाव्या वर्षी शाळा सोडली. 1828 पासून ते बाप्टिस्ट पंथाचा प्रचार करत गावोगाव पायी फिरले. पुढे संस्थेकडचे पैसे संपले, तेव्हा सुतारकामावर परतले.

5 जुलै 1841 ला दारूबंदीच्या सभेसाठी त्यांनी लेस्टरहून लफबरोला खास रेल्वे नेली. सुमारे 500 माणसं, तिकीट एक शिलिंग! 1845 पासून हाच त्यांचा धंदा झाला. 1881 मध्ये मुंबईतही ऑफिस उघडलं.

आपल्या धबधब्यांवर मात्र बाटल्यांचा खच पडतो. सहल दारूशिवायही होते. कुक यांची सुरुवातच तशी झाली.