आतड्यांचे पथ्य : पहिल्या आठवड्यातील थकवा कशाचा?

पोट साफ न होणे, गॅस धरणे, जेवणानंतर पोट फुगणे या तक्रारी साठीनंतर इतक्या सर्रास आढळतात की त्यांवर प्रत्येक घरात एखादा उपाय ठरलेला असतो. अलीकडे त्यात ‘आतडी बरी करणाऱ्या’ आहाराची भर पडली आहे. महागावसारख्या तालुक्याच्या गावी हा आहारतक्ता बहुधा मोबाईलवरून येतो. पुण्यात किंवा नागपुरात नोकरीस असलेला मुलगा तो काळजीपोटी आईवडिलांना पाठवतो. गहू, दूध, साखर, चहा आणि डाळी एकाच दिवशी बंद करायच्या, काही दिवस केवळ भाज्यांचे सूप किंवा रस घ्यायचा, असे त्याचे स्वरूप असते. तक्त्याच्या शेवटी एक वाक्य हमखास आढळते : पहिल्या आठवड्यात डोके दुखेल, अंग गळेल, मळमळेल; घाबरू नका, शरीरातील विषे बाहेर पडत आहेत.

वृद्धांच्या बाबतीत हेच वाक्य सर्वांत धोक्याचे ठरते. कारण त्यामुळे उपचाराची निकड दाखवणारी लक्षणे सुधारणेची खूण समजून सोसली जातात.

पथ्य आपल्याला नवे नाही. एकादशी आणि चातुर्मास आपण पाळतोच. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर पोचली. गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळील उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी ते पुढे नेले. मात्र निसर्गोपचार केंद्रात माणूस राहायला जातो आणि त्याच्याकडे रोज कोणी तरी लक्ष देते. मोबाईलवरच्या तक्त्याला ते डोळे नसतात. प्रश्न पथ्य करावे की नाही हा नसून, ते चालू असताना लक्ष कोण ठेवणार हा आहे.

लक्षणांची खरी कारणे

शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात. त्यासाठी ती एखाद्या विशिष्ट आठवड्याची वाट पाहत नाहीत. पथ्याच्या आरंभी जो त्रास होतो, त्याची कारणे साधी आणि नावानिशी सांगता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण चहा. दिवसाला चार-पाच कप चहा घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. चिडचिड आणि सुस्ती येते. पहिल्या दोन दिवसांत हा त्रास सर्वाधिक असतो आणि क्वचित नऊ दिवसांपर्यंत रेंगाळतो. रोज एक कप याप्रमाणे चहा कमी केल्यास तो बहुतांशी टळतो.

दुसरे कारण पाणी आणि मीठ. पोळी, भाकरी, भात कमी झाले की शरीरातील साठवणीची साखर खर्च होते. तिच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. तेही निघून जाते. इन्सुलिनची पातळी उतरल्याने मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलोंनी घटते, ते मुख्यतः या पाण्याचे. वृद्धांना तहान कमी लागते. परिणामी उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

तिसरे कारण चोथा. धान्ये आणि डाळी बंद होताच बद्धकोष्ठ होते. उलट एकदम भाराभर भाज्या सुरू केल्या तर गॅस वाढतो.

आतड्यांतील वाईट जंतू मरत असल्यामुळे ताप व थकवा येतो, असेही सांगितले जाते. ही कल्पना एका खऱ्या प्रतिक्रियेवरून उसनी घेतलेली आहे. उपदंशाच्या रुग्णांना औषध दिल्यावर काही तासांत थंडीताप भरतो, हे यारिश यांनी १८९५ मध्ये आणि हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये नोंदवले. ती प्रतिक्रिया विशिष्ट जंतुरोगांत, जंतुनाशक औषधानंतर येते आणि साधारण एका दिवसात ओसरते. गहू सोडल्याने ती येत नाही. पथ्यावर असताना ताप आला तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

आधी औषधांची पिशवी

आहार बदलला आणि गोळ्या त्याच राहिल्या, तर खरा अपघात येथे घडतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण निम्म्यावर आणले की रक्तातील साखर उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. मोजणी ७० च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. ‘साखर बंद आहे’ म्हणून त्या क्षणी थांबू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डापाग्लिफ्लोझिन आणि त्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास किंवा धान्यबंदी करू नये. त्यांच्यात रक्त आम्लधर्मी होण्याची गंभीर अवस्था उद्भवू शकते आणि तेव्हा साखरेची मोजणी फारशी वाढलेली नसतेही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही तिची लक्षणे. तक्त्यात ‘विषे बाहेर पडण्याची’ म्हणून दिलेल्या यादीशी ती किती मिळतीजुळती आहेत, हे लक्षात घ्यावे.

रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असल्यास पाणी आणि सोडियम दोन्ही घटतात. वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांना, रोज भाज्यांचे रस आणि नारळपाणी घेतल्याने पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. म्हणून पथ्यापूर्वी सर्व गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळ्या स्वतः होऊन बंद करू नयेत. कधी कधी दोष गव्हाचा नसून गोळीचा निघतो : मेटफॉर्मिनने पोट फुगते व जुलाब होतात, तर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते.

तपासणी आधी, पथ्य नंतर

वजन आपोआप घटणे, शौचावाटे रक्त पडणे किंवा काळी शौचास होणे, रक्त कमी होणे, गिळताना अडकणे, पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलणे, यांपैकी काहीही असल्यास पथ्यात महिने घालवू नयेत. आतड्यांचा कर्करोग अशाच तक्रारींनी सुरू होऊ शकतो. गव्हाचे वावडे, म्हणजे सिलिॲक विकार, असल्याची शंका असेल तर त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी. गहू सोडल्यानंतर ती खोटा दिलासा देऊ शकते.

सुरुवात कशी करावी?

गॅस व पोटफुगीसाठी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेल्या आहारपद्धतीतही काही पदार्थ केवळ दोन ते सहा आठवडे वगळतात आणि मग एकेक करून परत आणतात. ते परत आणणे हाच तिचा गाभा आहे. वृद्धांनी याहून सौम्य मार्ग घ्यावा : एका वेळी एकच पदार्थ, दोन आठवडे. दुधाने पोट बिघडत असेल तर दूध थांबवून दही-ताक पाहावे. त्यात दुधातील साखर कमी असते. पोळीचा त्रास वाटल्यास आपल्या भागातील ज्वारीची भाकरी आहेच. तूरडाळ जड जात असेल तर मुगाची पातळ डाळ घ्यावी. डाळ भिजवून ते पाणी टाकून द्यावे. फरक पडला नाही तर पदार्थ पुन्हा सुरू करावा.

प्रथिनांना कात्री लावू नये. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. केवळ सुपावर राहिल्यास स्नायू झिजतात आणि या वयात ते सहजी परत येत नाहीत.

काळजी घेणाऱ्यांनी एक वही ठेवावी. आठवड्यातून दोनदा वजन, रोज रक्तदाब आधी बसून आणि मग उभे राहिल्यावर, मधुमेह असल्यास साखर, आणि शौचाची नोंद. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, महिन्यात दोन किलोंहून जास्त वजन घटले, वारंवार उलट्या झाल्या किंवा बोलण्यात गोंधळ आला, तर पथ्य थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दूर राहणाऱ्या मुलांनी फोनवर ‘पथ्य पाळता ना?’ एवढेच विचारू नये. आज काय जेवलात, किती पाणी प्यायलात, उठताना चक्कर आली का आणि वहीत आकडा काय आहे, हे चार प्रश्न विचारावेत. आईवडील मुलांचा शब्द पडू नये म्हणून त्रास लपवतात. नेमके प्रश्न विचारले म्हणजे तो लपत नाही.