वहीतला आकडा आणि गावातला रोग

कुष्ठरोग शोध मोहीम लागली की आशाताई दारोदार फिरतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथं हात लावलेला कळतो का, असं विचारतात. पुष्कळ घरांत उलट प्रश्न येतो, ‘‘हा रोग गेला ना आता?’’ हा समज आकड्यांनीच करून दिलाय.

गैरसमज : 2005मध्ये निर्मूलन झालं, म्हणजे रोग संपला.
वस्तुस्थिती : 1983मध्ये देशात दर दहा हजार लोकांमागे 57.8 कुष्ठरुग्णांची नोंद होती. डिसेंबर 2005मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आलं. सरकारी व्याख्येतलं ‘निर्मूलन’ ते एवढंच. मूळ काही उपटलं गेलं नव्हतं. त्यानंतरही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले.

गैरसमज : नोंदवहीतले रुग्ण निम्मे झाले, म्हणजे लागणही निम्मी झाली.
वस्तुस्थिती : वहीत उपचार चालू असलेल्यांचीच नावं असतात, औषधं पूर्ण झाली की नाव कमी होतं. समजा, लाखाच्या वस्तीत वर्षाला 8 नवे रुग्ण सापडतात. उपचार दोन वर्षांचे असतील, तर वहीत कधीही पाहा, 16 नावं : दहा हजारांमागे 1.6. तेच उपचार वर्षाचे झाले की 8 नावं, म्हणजे 0.8. नवे रुग्ण तेवढेच, तरी ‘निर्मूलन’ झालं! 1990च्या दशकाच्या अखेरीस जास्त चट्टे असलेल्यांचा औषधोपचार खरोखरच 24 महिन्यांवरून 12 महिन्यांवर आला. रुग्णांच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण आकडा वाचताना ते ध्यानात ठेवायला हवं.

गैरसमज : नवे रुग्ण वाढले की रोग पसरला, घटले की आटोक्यात आला.
वस्तुस्थिती : लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्यामुळे आज सापडलेला रुग्ण आजच्या लागणीचा नसतो. शिवाय शोधलं तर सापडतं. 2019-20मध्ये देशात सुमारे 1 लाख 14 हजार नवे रुग्ण नोंदले गेले. पुढच्या कोविडच्या वर्षात साधारण 65 हजारच. रोग ओसरला नव्हता, दारोदार फिरणं थांबलं होतं.

मग पाहायचं काय? नव्या रुग्णांत मुलं किती आणि हातापायांत विकृती आलेले किती. विकृती सांगते, आपण उशिरा पोचलो. आणि आठ वर्षांच्या पोराच्या पाठीवरचा चट्टा सांगतो, की गेल्या आठ वर्षांतच त्याला कुणाकडून तरी लागण झालीय. तो माणूस अजून वहीत नसेल, तर आशाताईंना पुन्हा त्याच आळीत जावं लागेल.